दहा बाय दहाची हवा

6 ऑक्टोबर 1918 या एकाच दिवशी मुंबईत 768 माणसं दगावली. इन्फ्लुएंझाची ही दुसरी लाट. पहिली जूनमध्ये गोदीच्या बाजूने शहरात शिरली होती. साथ ओसरल्यावर हिशेब मांडला, तेव्हा युरोपियन वस्तीत हजारी 8 च्या आसपास मृत्यू निघाले, तर ‘खालच्या’ म्हणवल्या गेलेल्या जातींत 61 हून जास्त. विषाणू सगळीकडे तोच होता. धान्याची महागाई आणि अर्धपोटी अंगं हे एक कारण होतंच. दुसरं कारण खोली.

महायुद्धाने गिरण्यांना बरकत आणली. कोकणातून, घाटावरून माणसं येतच राहिली. पण सिमेंट-लोखंड महागलं, बांधकामं थंडावली, भाडी इतकी चढली की 1918 मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. कायद्याने भाडं बांधलं, पण नवी खोली कुठून येणार? आहे त्याच खोलीत आणखी एक वळकटी पसरायची.

आता जरा हिशेब करू. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट. म्हणजे सुमारे 28,300 लिटर हवा. झोपलेला माणूस मिनिटाला साधारण 6 लिटर हवा आत घेऊन बाहेर सोडतो. आठ जण, आठ तास: 23,000 लिटर! फटींतून थोडी ये-जा होते हे खरं, पण दार-खिडकी बंद असेल तर पहाटेपर्यंत प्रत्येकजण शेजाऱ्याचा उच्छ्वासच आत घेत असतो. इन्फ्लुएंझाला आणि क्षयाला याहून काय हवं?

तरी आकड्यांना चिमटा काढून पाहावा लागतो. 1921 मध्ये मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचा बालमृत्युदर हजारी 828 नोंदला गेला. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत 133. हजारातली 828 बाळं? यात मेख आहे. बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद गावात, आणि बाळ मुंबईत आल्यावर गेलं तर मृत्यूची नोंद इथे. छेद लहान, अंश मोठा. एवढं वजा करूनही दरी उरतेच, कारण दोन खोल्या असल्या तरी दर 322 वर येत होता.

युद्धानंतर सरकारने उपाय काढला तो बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून 207 इमारती. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला. पण कुटुंबाला खोली एकच, 160 चौरस फुटांची. मधून बोळ, संडास सामाईक. वीट जाऊन काँक्रीट आलं एवढंच. भाडं परवडेना, गिरणी लांब पडे, म्हणून वरळीच्या कित्येक खोल्या आरंभी ओसच राहिल्या. 1930 च्या कायदेभंगात सरकारने तिथल्या काही चाळींत सत्याग्रहींचा तात्पुरता तुरुंग थाटला.