दुसऱ्यांदा रक्त कशाला?

पर्वतीच्या पायऱ्या चढताना काकांच्या छातीत दाटून आलं. इसीजीत स्पष्ट काही दिसेना, म्हणून ट्रोपोनिनसाठी रक्त घेतलं. तीन तासांनी सिस्टर पुन्हा सुई घेऊन आल्या, तेव्हा चुलतभाऊ वैतागला, "आत्ताच घेतलं ना? नुसतं बिल वाढवायचं!" त्या गडबडीत त्याला नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते.

ट्रोपोनिन हे स्नायूंच्या आकुंचनावर ताबा ठेवणारं प्रथिन. त्याच्या टी आणि आय या घटकांची हृदयातली घडण हातापायांच्या स्नायूंपेक्षा वेगळी असते, म्हणून चाचणी नेमकी हृदयाची इजा पकडते. (आज लिव्हरच्या रिपोर्टमध्ये दिसणारं एसजीओटी १९५४ साली हार्ट अटॅक ओळखायला वापरत होते! तिथून आपण फार पुढे आलो.) हृदयाच्या पेशी मरू लागल्या की त्यांच्यातलं मोकळं असलेलं थोडं ट्रोपोनिन आधी रक्तात येतं. तंतूंत घट्ट बसलेलं बाकीचं, तंतू तुटतील तसं, कित्येक दिवस झिरपत राहतं. म्हणूनच कळ आल्याआल्या घेतलेला रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडलंय, हे पुणेकराला तोंडपाठ असतं. पण एका वेळच्या आकड्यावरून एकूण किती पाणी वाहून गेलं ते कळत नाही. विसर्ग कधी वाढला, किती वेळ टिकला, कधी उतरला, हे पाहावं लागतं. हृदयाचं किती नुकसान झालं याचा अंदाजही असाच, चढउतारावरून घेतात.

त्यात एक गोम आहे. अँजिओप्लास्टीने बंद वाहिनी उघडली की साचलेलं ट्रोपोनिन एकदम वाहून येतं. आकडा लवकर आणि उंच चढतो, घरचे घाबरतात. पण रक्त पुन्हा वाहू लागल्याचीच ती खूण असू शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आकड्यावर या लोंढ्याचा परिणाम कमी असतो, आणि एमआरआयमध्ये दिसणाऱ्या मेलेल्या भागाशी तो बराच जुळतो.

इजा कशामुळे झाली, हे मात्र ट्रोपोनिन सांगत नाही. हृदयाला सूज आली किंवा किडनी निकामी झाली तरी ते वाढतं; मॅरेथॉन धावून आलेल्या धडधाकट माणसातही थोडा काळ वाढलेलं दिसतं.

काकांचा दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट आला आणि त्यांना लगेच कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात तिथे, नेलं. चौथ्या दिवशी सकाळी चुलतभावानेच सिस्टरना विचारलं, "आजचं रक्त घेतलं का?"