संधिवाताची 'आठवड्याची गोळी', म्हणजे मेथोट्रेक्सेट, घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हे पत्रक तुमचं निदान झालं आहे, डॉक्टरांनी आर.ए. (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) किंवा आमवात असं सांगितलं आहे आणि औषधं सुरू आहेत, असं धरून लिहिलं आहे. ज्यांना अजून नुसतं 'सांधे धरतात' एवढंच माहीत आहे, त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सारखीच सुजतात, असं सहा आठवडे चाललं असेल तर मलम मागायला आमच्याकडे येऊ नका. मलम आम्ही विकतो, पण या दुखण्याचं काम त्याने होत नाही.

आता मुद्द्याचं. दुकानाच्या मोबाइलवर दर दोन-चार दिवसांनी असा निरोप येतो: 'आईची ती फोलची पिवळी गोळी संपत आली, एक पाकीट पाठवा.' सोबत फोटो. फोटोत कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा, त्यात दोन गोळ्या शिल्लक, आणि मागच्या चंदेरी कागदावर नाव अर्धं तुटलेलं. वाचता येतो तो फक्त '५'चा आकडा.

आता हे ५ कशाचं? फॉलिक अॅसिडची गोळी ५ मिलिग्रॅमची असते. मेथोट्रेक्सेटही ५ मिलिग्रॅमची मिळते. दोन्ही लहान, दोन्ही पिवळट. बाजारात मेथोट्रेक्सेट 'फोलिट्रॅक्स' नावाने येते आणि फॉलिक अॅसिड 'फोलवाइट' नावाने, म्हणजे 'फोलची गोळी' म्हटलं की दोन्ही आल्या. आमवाताच्या बहुतेक रुग्णांच्या डब्यात या दोन्ही गोळ्या शेजारीशेजारी असतात. पण फॉलिक अॅसिड रोज किंवा आठवड्यातून काही दिवस घ्यायची, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली, तर आठ-दहा दिवसांत तोंड आतून सोलवटतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, आणि माणूस दगावूही शकतो. हे घाबरवायला लिहीत नाही. जगभरात या औषधाचे जे गंभीर अपघात होतात, त्यांत 'आठवड्याऐवजी रोज' हा सगळ्यांत नेहमीचा आहे.

म्हणून तसा फोटो आला की आम्ही गोळी पाठवत नाही, फोन करतो. चिठ्ठी मागतो. चिठ्ठी सापडत नाही. मग डॉक्टरांच्या ओपीडीला फोन, तिथे दुपारी कोणी उचलत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तुमचा मुलगा आमच्यावर चिडलेला असतो: 'एवढीशी गोळी, तिला एवढी चौकशी?' जत, कवठेमहांकाळ किंवा पलीकडे अथणीहून मिरजेला गाडी धरून आलेल्या माणसाचा यात अख्खा दिवस जातो, याची आम्हाला कल्पना आहे. तो वाचवणं तुमच्या हातात आहे: घरी स्ट्रिप कापू नका. गोळी काढायची तर नाव नसलेल्या बाजूने काढत या, म्हणजे नाव, मिलिग्रॅम आणि मुदत शेवटच्या गोळीपर्यंत शाबूत राहते. आणि चिठ्ठीचा एक नीट फोटो घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

डॉक्टरांनी चारच गोळ्या लिहिल्या असतील तर कापून आम्हालाही द्याव्या लागतात. अशा गोळ्या आम्ही जाड कागदाच्या पाकिटात घालून देतो. पाकिटावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, बॅच, मुदत आणि घ्यायचा वार लिहिलेला असतो. वार अक्षरात लिहितो, 'आठवड्यातून १' असं आकड्यात नाही. आकडा घाईत 'रोज १' असाही वाचला जातो. मराठी वाचता येत नसेल तर सांगा, कन्नडमध्ये लिहून देतो. गोळ्या त्या पाकिटातच राहू द्या. डायबिटीसच्या, बीपीच्या गोळ्यांबरोबर सोम-मंगळ-बुधच्या कप्प्यांच्या डब्यात मेथोट्रेक्सेट भरू नका. डबा भरणारा नातू एखाद्या रविवारी घाईत असतो, आणि रिकामा कप्पा दिसला की त्यात काहीतरी टाकावंसं वाटतंच.

वार कोणता हे डॉक्टर ठरवतात, पण बरेचदा ते तुम्हालाच विचारतात. तेव्हा उपवासाचा वार सांगू नका. गुरुवार किंवा सोमवार धरणाऱ्या बायकांना आम्ही हे आवर्जून सांगतो. ही गोळी पुष्कळांना मळमळते आणि उपाशी पोटी जास्तच मळमळते. रात्री जेवून घेतली तर बरीचशी मळमळ झोपेत निघून जाते. तरीही सोसत नसेल तर गोळी परस्पर बंद करू नका. याच औषधाचं त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

मिलिग्रॅमबद्दल एक गोष्ट. मेथोट्रेक्सेट अडीच, पाच, साडेसात, दहा, पंधरा अशा अनेक ताकदींत येते. तुम्ही साडेसातच्या दोन गोळ्या घेत असाल आणि दुसऱ्या दुकानातून पंधराची स्ट्रिप आणलीत, तर सवयीने दोन घ्याल आणि डोस दुप्पट होईल. कंपनी बदलली तरी चालतं. जनऔषधी केंद्रातून घेतलीत तरी आमची तक्रार नाही, औषध तेच आहे. पण मिलिग्रॅम आणि गोळ्यांची संख्या दर वेळी चिठ्ठीशी ताडून पाहा. आमच्याकडे घेणाऱ्यांची नोंद आम्ही ठेवतो आणि मागच्या वेळी जी ताकद दिली तीच काढतो. ती शिल्लक नसेल तर वेगळी देण्याऐवजी सांगलीहून मागवतो. थोडं थांबावं लागतं. थांबा.

एखादा वार चुकला तर? दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या आणि पुढची नेहमीच्याच वारी. त्याहून उशीर झाला असेल तर तो आठवडा सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि चुकून रोज घेतली गेली असं लक्षात आलं, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, स्ट्रिप बरोबर घेऊन. यावर ल्युकोव्होरिन नावाचा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका चांगला. घरी फॉलिक अॅसिडच्या चार गोळ्या जास्त खाऊन भागत नाही. एरवीही तोंडात फोड, ताप, अंगावर निळे-काळे डाग, न थांबणारे जुलाब, कोरडा खोकला किंवा धाप यांतलं काही सुरू झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

'ही कॅन्सरची गोळी आहे ना?' हा प्रश्न मोबाइलवर शोधून आलेला प्रत्येक मुलगा विचारतो, बहुधा आई ऐकणार नाही अशा आवाजात. हो, कॅन्सरमध्येही वापरतात. तिथले डोस पुष्कळ मोठे असतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. या औषधाचा उगम १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ज्या प्रयोगशाळेत झाला, तिथल्या संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आंध्रातल्या भीमवरमचे. अमेरिकेच्या औषध खात्याने आमवातासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता दिली. आज जगभर आमवातात बहुतेक डॉक्टर सुरुवात याच औषधाने करतात. स्वस्त आहे, जुनं आहे आणि सांधे वाकडे होणं रोखतं. त्याच्याबरोबर फॉलिक अॅसिड देतात ते त्रास कमी व्हावा म्हणून. ती 'ताकदीची गोळी' समजून सोडू नका.

दुसरी तक्रार: 'तीन आठवडे झाले, काहीच फरक नाही.' पडणारही नाही. हे औषध दुखणं दाबत नाही, आजाराची धग कमी करतं, आणि त्याला सहा ते बारा आठवडे लागतात. मधल्या काळात डॉक्टर थोड्या दिवसांसाठी वेदनाशामक किंवा कमी डोसचं स्टेरॉइड देतात. नेमकं याच काळात कोणीतरी सांगतं की अमुक गावात पुडी मिळते, चार दिवसांत माणूस जिना चढतो. चढतो, खरं आहे. अशा बिननावाच्या पुड्यांत बरेचदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. चेहरा सुजायला लागतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. तुम्ही पुडी घेत असाल तर आम्ही रागावणार नाही. पण डॉक्टरांना सांगा आणि एकदम थांबवू नका.

आमच्याकडे येऊन 'चांगली कडक गोळी द्या' म्हणणारेही आहेत. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकं चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही, मेथोट्रेक्सेट चालू असलेल्याला तर अजिबात नाही. किडनी थकलेली असेल तर दोन्ही मिळून औषध अंगात साठतं. लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी घरात उरलेली को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी, हीसुद्धा मेथोट्रेक्सेटबरोबर धोक्याची आहे. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे, दाताच्यासुद्धा, गेलात तर आमचं पाकीट दाखवा. दारूचं सांगायला हवंच: लिव्हरवर आधीच एक भार आहे, त्यात भर घालू नका. आणि मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधी, नंतर नव्हे, डॉक्टरांशी बोला. हे औषध गर्भाला घातक आहे आणि काही महिने आधीपासून थांबवावं लागतं.

रक्ततपासणीवरूनही काउंटरवर वाद होतात. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी) या तपासण्या सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि सगळं स्थिर झाल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी करायच्या असतात. आम्ही आठ आठवड्यांपेक्षा जास्त औषध एका वेळी देत नाही आणि देताना शेवटच्या रिपोर्टची तारीख विचारतो. काहींना वाटतं आम्ही लॅबचं कमिशन खातो. कुठल्या लॅबमध्ये करायचं हे आम्ही सांगतच नाही. कुठेही करा, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. वर्षभराचा साठा देऊन मोकळं होणं दुकानदाराला सोयीचंच असतं.

आमवाताच्या बाकी औषधांचं थोडक्यात. सल्फासॅलॅझिनने लघवी केशरी-पिवळी होते, घाबरून रात्री फोन करू नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं चालतं, पण डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा करायलाच हवी. अॅडॅलिम्युमॅबसारखी महागडी इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची: फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात नाही. गोठलेलं इंजेक्शन वाया गेलं, आणि ते आम्ही परत घेऊ शकत नाही. एसटीने किंवा रेल्वेने लांब जाणार असाल तर आदल्या दिवशी कळवा, जेल पॅकसह थर्माकोलचा डबा तयार ठेवतो. डब्याचे पैसे नाहीत, डबा परत आणून द्या.

पुढच्या वेळी येताना तीन गोष्टी आणा: चिठ्ठी, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि आमचं जुनं पाकीट, रिकामं असलं तरी. फोनवर मागवत असाल तर या तिन्हींचे फोटो पाठवा. सकाळी अकराच्या आत फोटो आले तर गोळ्या त्याच दिवशी मिरज शहरात घरपोच मिळतील, वर काही आकार नाही. रविवारी दुकान दुपारी एकपर्यंतच उघडं असतं, म्हणून ज्यांचा गोळीचा वार रविवार आहे त्यांनी शनिवारीच पाकीट तपासावं.