‘झाडपालाच तो, पोरांना काय होतंय?’

लातूरला नीटच्या तयारीसाठी आलेल्या पोरांच्या खोल्यांपर्यंत पोचलेली ही समजूत: गांजा म्हणजे झाडपाला, महादेवाला चालतो, दारूसारखा बाधत नाही, उलट अभ्यासात मन लागतं. परळी, औंढ्याच्या मुलखात महादेवाचं नाव घेतलं की माणूस पुढं बोलतच नाही. पण धोत्राही महादेवालाच वाहतात. तो आपण लेकरांना खाऊ घालतो का?

खरी गोम वयाची आहे. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालते, आणि मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. पेशींची जुळणी नीट बसावी म्हणून मेंदू स्वतःच गांजासारखी रसायनं अगदी मोजून बनवतो. गांजातलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, ही रसायनं पेशींवर जिथं बसतात त्याच जागा बेसुमार अडवतं. मन लागल्यासारखं वाटतं, वाचलेलं मात्र डोक्यात राहत नाही.

न्यूझीलंडच्या डुनेडिन अभ्यासात (२०१२) किशोरवयात सुरुवात करून पुढं व्यसन जडलेल्यांचा बुद्ध्यांक ३८व्या वर्षापर्यंत सुमारे ८ गुणांनी घसरलेला दिसला. नंतर जुळ्या भावंडांची तुलना केल्यावर ही घसरण गांजामुळेच, असं ठरलं नाही. म्हणून तो आकडा मी ताणणार नाही. भास होणं, संशयानं ग्रासणं या आजाराचं तसं नाही. लहान वयात, रोज, जहाल गांजा ओढणाऱ्यांत त्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांत दिसलंय. घरात कुणाला असा आजार असेल तर जास्तच.

पोरगं सापडलं तर मारझोड नको. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे, तिथं आधी आईबापांनीच फोन लावावा.