जखमी पक्षी सापडला तर: वनखात्याकडे नोंद, लागणारी कागदपत्रं आणि सुटकेपर्यंतची प्रक्रिया

पक्षी सापडल्याचा फोन आला की पलीकडचा माणूस बहुतेक वेळा पहिलं हेच विचारतो, "याला खायला काय देऊ?" मी उलट विचारते, "नेमका कुठे सापडला?" लोकांना जरा राग येतो. समोर जीव तडफडतोय आणि ही बाई पत्ता विचारतेय. पण ठाणे-भिवंडी पट्ट्यात अकरा वर्षं स्वयंसेवक म्हणून हे काम केल्यावर माझी खात्री झाली आहे, की जागेची नोंद हा उपचाराचाच भाग आहे.

एकदा एप्रिलमध्ये राखी धनेशाचा नर आमच्याकडे आला. पंख दुखावलेला, लाल डोळे टक्क उघडे. ज्याला सापडला त्याने तो रिक्षावाल्याकडे दिला, त्याने एका दुकानदाराकडे आणि दुकानदाराने आमच्याकडे. कुठल्या झाडाखाली पडला होता, ते तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. ते दिवस धनेशाच्या विणीचे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर तिला वड-पिंपळाची फळं आणून भरवतो. म्हणजे आमच्या खोक्यात एक पक्षी होता आणि कुठल्यातरी ढोलीत त्याची वाट बघणारी मादी. ते झाड आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही. तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न बदलला.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे पकडलेला, पाळलेला किंवा मेलेला आढळलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. यात पक्षीही आले. असा पक्षी कोणत्याही कारणाने तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याकडे तशी खबर देणं बंधनकारक आहे. मागितला की तो त्यांच्या हवाली करायचा. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय तो घरी ठेवता येत नाही, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो.

लोक घाबरतात ते इथेच. "मीच पकडलाय असं म्हणून मला अडकवतील का?" खबर देणाऱ्याला अडकवायला हे कलम नाही. नोंद करणाऱ्याची बाजू कागदावर भक्कम राहते. अडचण होते ती पंधरा दिवस बाल्कनीत ठेवून, रील काढून, नंतर पक्षी मरायला टेकल्यावर फोन करणाऱ्याची. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून अनुसूची एकमधल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्या-पक्ष्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मोर आणि गिधाडं याच अनुसूचीत येतात. इतर बहुतेक गुन्ह्यांना ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अंडी घेणं आणि घरटं मोडणं कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडतं.

रस्त्यात पडलेला पक्षी उचलून दवाखान्यात न्यायला मात्र कुठलाही परवाना लागत नाही. फोन वाटेतून करा.

फोन कुठे करायचा, आणि तोवर काय करायचं

महाराष्ट्रात वनखात्याची टोल-फ्री हेल्पलाइन १९२६. तिथून तुमच्या परिक्षेत्राच्या कार्यालयाला किंवा जवळच्या बचाव पथकाला कळवतात. पक्षी उंच झाडावर मांजात लटकला असेल तर अग्निशमन दल, १०१. विजेच्या तारेवर अडकला असेल तर आधी १९१२ वर सांगून वीज बंद करून घ्या. बांबूने ओढायला जाऊ नका, जीव तुमचाही जाईल.

तोवर एवढंच करा: पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्याला पेन्सिलीने छिद्रं पाडा, तळाशी सुती फडकं घाला. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. पक्ष्यावर ओढणी टाकून अलगद उचला, खोक्यात ठेवा, झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी ठेवा. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. घार आणि घुबड पायाच्या नखांनी धरतात, तेव्हा पाय सांभाळा. वंचक आणि बगळे सरळ डोळ्यावर चोच मारतात, त्यांना तोंडाजवळ आणूच नका.

आणि पाणी पाजू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ड्रॉपरने घातलेलं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. दूध, ब्रेड, भात यातलं काहीही नको. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग हा छोटा रंगीत पक्षी इमारतीच्या काचेवर आदळून पडतो. अशा पक्ष्याला बऱ्याचदा नुसता तास-दोन तास अंधार मिळाला तरी तो सावरतो. त्याच्या चोचीत पाणी ओतलं की हीच संधी जाते.

एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर मात्र हात लावू नका. बर्ड फ्लूची शंका असू शकते, वनखात्याबरोबर पशुसंवर्धन विभागालाही कळवा.

पिल्लांबद्दल थोडं वेगळं

मार्च ते जुलै या काळात आणल्या जाणाऱ्या पिल्लांपैकी कितीतरी पिल्लं मुळात आणायचीच नसतात. अंगावर पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच्याच फांदीवर असतात. मांजर-कुत्र्यापासून दूर, त्याच झाडाच्या फांदीवर ठेवा आणि लांबून तासभर बघा. उघडंबोडकं पिल्लू घरट्यातून पडलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खरं नाही. घरटंच मोडलं असेल तर छोट्या टोपलीत गवत घालून ती त्याच फांदीला बांधा. पिल्लू जखमी असेल किंवा आई-बाप मेलेले दिसले, तरच १९२६.

ताब्यात देताना लागणारे कागद

सापडलेला पक्षी देणाऱ्याला जवळजवळ काहीच कागद लागत नाहीत. नाव, पत्ता, मोबाइल नंबर. ओळखपत्राची प्रत मागितली तर द्या, पण ती नाही म्हणून पक्षी अडवण्याचं कारण नाही. वनरक्षक किंवा वनपाल येऊन पंचनामा करतात, त्यावर तुमची सही घेतात. तुम्ही स्वतः कार्यालयात नेऊन देत असाल तर साध्या कागदावर चार ओळी लिहा:

"प्रति, वनपरिक्षेत्र अधिकारी. विषय: जखमी वन्यपक्षी ताब्यात देणेबाबत. महोदय, मला दिनांक ___ रोजी ___ वाजता ___ येथे (जवळची खूण ___) ___ जातीचा पक्षी ___ अवस्थेत मिळून आला. मी त्यास ___ उपचार केले आहेत / केलेले नाहीत. सदर पक्षी आपल्या ताब्यात देत आहे. पोच मिळावी, ही विनंती."

जात कळत नसेल तर फोटो जोडा, अंदाजाने नाव लिहू नका. खासगी पशुवैद्यकाकडे नेलं असेल तर त्यांची चिठ्ठी जोडा, तिच्यावरची तारीख ४८ तासांच्या हिशेबाला उपयोगी पडते. मोबाइलवरचं लोकेशन तिथेच, पक्ष्याशेजारी उभं राहून सेव्ह करा. घरी येऊन आठवून सांगितलेली जागा हमखास चुकते. पायात कडं असेल तर त्यावरचा नंबर अक्षर न अक्षर लिहून घ्या, कडं काढू नका. कडं कुणी घातलं, ते त्या नंबरावरून शोधता येतं. स्थलांतरी पक्ष्यांना कडी घालण्याचं काम मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कित्येक वर्षं करते आहे. पाठीवर ट्रान्समीटर असलेलं गिधाड दिसलं तर उशीर न करता कळवा. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून २०२४ च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचसाठी गिधाडं आणली आहेत.

पोच मात्र घ्याच. नंतर पक्ष्याचं काय झालं हे विचारायचा तोच तुमचा धागा.

मांजाची प्रकरणं

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ ला देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला घारी, पोपट, घुबडं, बगळे येतातच. मांजा पंखाच्या पुढच्या कडेची कातडी चिरत स्नायूपर्यंत जातो, तो ओढून काढला की जखम दुप्पट होते. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, पक्ष्यात रुतलेला तुकडा तसाच ठेवा. तो तुकडा डॉक्टर काढतात, आणि तो नायलॉनचाच होता हे पंचनाम्यात लिहायला सांगा. विक्रेत्यांवरच्या कारवाईत अशा नोंदी कामी येतात.

घरातला मिठू

याबद्दल मला फार वाटतं, कारण माझ्या आजोळीही ओसरीवर पिंजरा होता. आपला हिरवा पोपट आता अनुसूची दोनमध्ये आहे. तो पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, "आम्ही लहानपणापासून वाढवलाय" हे कारण चालत नाही. स्वतःहून द्यायचा असेल तर वर लिहिलेलाच अर्ज करा. तो कधीपासून आणि कुठून आला, काय खातो, पंख छाटलेत का, हे खरं खरं लिहा. कुणी बजावलं म्हणून गच्चीवरून सोडून देऊ नका. पाच वर्षं डाळ-मिरचीवर जगलेल्या पोपटाला झाडावरचं फळ ओळखता येत नाही, आणि कावळे त्याला तासाभरात टिपतात. छाटलेली पिसं कापलेल्या केसांसारखी वाढत नाहीत, जुनं पीस गळून नवं यावं लागतं. त्याला महिने जातात. तेवढा काळ त्याला इतर पोपटांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात ठेवून हळूहळू माणसापासून तोडावं लागतं. काही पोपट शेवटपर्यंत माणसालाच हाक मारतात. त्यांना सोडता येत नाही.

परदेशी पक्ष्यांचं वेगळं. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल तर २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने काढलेल्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. आधीपासून असलेल्या पक्ष्यांसाठी दिलेली सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली. बजरीगर आणि कॉकटील त्या यादीत येत नाहीत.

स्वतःचं केंद्र काढायचं असेल तर

उत्साही तरुण मुलं हे विचारतात. कायद्यात 'प्राणिसंग्रहालय' या शब्दाच्या व्याख्येत बचाव केंद्रही येतं, लोकांना ते बघायला खुलं नसलं तरी. त्यामुळे कलम ३८-एच (38H) प्रमाणे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आधी मंजुरी आणि मग मान्यता घ्यावी लागते. एकट्या व्यक्तीने गच्चीवर पिंजरे बांधून हे होत नाही. तयारीला लागणारे कागद साधारण असे: सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली किंवा सोसायटी म्हणून संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार, पिंजरे-शस्त्रक्रिया-विलगीकरण दाखवणारा नकाशा, नोंदणीकृत पशुवैद्यकाचं संमतिपत्र, कर्मचाऱ्यांची यादी. पैशाचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण पक्षी सोडता आला नाही तर त्याला आयुष्यभर सांभाळण्याची हमी कुणीतरी घ्यावी लागते.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर नव्या केंद्रापेक्षा असलेल्या केंद्रांना हातभार लावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करून त्यांना सोडेपर्यंत सांभाळणारं केंद्र) आहे, पुण्यात बावधनला आहे, मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय जखमी पक्ष्यांवर उपचार करतं. सगळीकडे माणसं कमीच पडतात. पिंजरा धुणं, वजनं घेणं, वह्या लिहिणं, यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्या कार्यशाळेत मिळत नाही.

सुटका

बरा झाला म्हणजे सोडला, असं होत नाही. पशुवैद्यक तंदुरुस्तीचा दाखला देतात, त्याआधी बऱ्याच गोष्टी बघितल्या जातात. लांब पिंजऱ्यात न धापता फेऱ्या मारतो का, वजन जातीला साजेसं आहे का, पिसांवरून पाणी ओघळतं का, शिकारी पक्षी असेल तर स्वतः भक्ष्य धरतो का. माणूस जवळ आल्यावर तो दचकतो का, हेही बघतात. दचकला तर आम्हाला आनंद होतो. मग परिक्षेत्र अधिकाऱ्यांची मंजुरी आणि सुटकेचा पंचनामा. पक्षी छाप्यात जप्त झालेला असेल तर तो खटल्यातला मुद्देमाल असतो, त्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते. या प्रकरणांत उशीर होतो. आणि शक्यतो जिथे सापडला तिथेच सोडायचं, कारण त्याचा जोडीदार, पाणवठा, रात्रीचा निवारा सगळं तिथेच असतं.

मागच्या हिवाळ्यात भिवंडीच्या एका गोदामाच्या वॉचमनने गव्हाणी घुबड आणून दिलं. कावळ्यांनी टोचलेलं, एका डोळ्याला सूज. त्याने खोक्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "मागची बाजू, पाण्याच्या टाकीखाली, पहाटे ५". एकेचाळीस दिवसांनी आम्ही संध्याकाळी त्याच टाकीखाली गेलो. वनपालांनी पंचनामा लिहायला घेतला, मी खोका जमिनीवर ठेवून झाकण काढलं. घुबडाने एकदा मान पूर्ण वळवून आम्हा तिघांना बघितलं आणि पंखांचा जराही आवाज न करता पत्र्याच्या फटीत शिरलं. साक्षीदाराच्या रकान्यात वॉचमनने सही केली, आणि तो खोका पुढच्या वेळेसाठी स्वतःकडे ठेवून घेतला.