प्रोग्रॅम मराठीऐवजी भलतंच बोलू लागला तर : आमच्या ग्राहकांसाठी

लिहिलेलं वाक्य मराठीत बोलून दाखवणारे प्रोग्रॅम आम्ही बसवून देतो. "काल बरा बोलत होता, आज इंग्रजीत बडबडतो." असा फोन आम्हाला पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठूनही येतो. दवाखान्याचं टोकन असो, देवस्थानची पावती असो की हार्डवेअरच्या दुकानाचं बिल, जाऊन पाहिलं तर आवाज ठणठणीत असतो. घोळ असतो फाँटचा. एवढ्यासाठी फोंड्याहून येण्यात आमचा अर्धा दिवस जातो आणि तोवर तुमचं काउंटर मुकं राहतं. म्हणून हे पत्रक. काउंटरवर बसणाऱ्यालाही वाचायला द्या.

आपल्याकडे मराठी टायपिंग वर्षानुवर्षं कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये झालं. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. कृतिदेवमध्ये 'नमस्कार' उमटवायला कळा दाबाव्या लागतात यू, ई, एल, डी, के, जे. आपण डोळ्यांनी आकार वाचतो. बोलणाऱ्या आवाजाला आकार दिसत नाही, पोटातली अक्षरं तेवढी मिळतात, आणि तो बिचारा तीच वाचतो. आम्ही बसवून दिलेली वाक्यं युनिकोडमध्ये असतात, म्हणजे त्यांच्या पोटातही मराठी अक्षरंच असतात. पुढे कोणीतरी जत्रेच्या जुन्या पत्रिकेतून एखादी ओळ उचलून त्यात चिकटवतो, आणि तिथून बडबड सुरू होते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. नवं वाक्य प्रोग्रॅममध्ये टाकण्याआधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मोबाइलवर मराठी दिसली तर खुशाल टाका. एबीसीडीची खिचडी दिसली तर ते वाक्य विंडोजचा मराठी कीबोर्ड लावून पुन्हा टाइप करा. नुसता फाँट बदलून काही होत नाही, हे कृपया लक्षात घ्या. अर्धे फोन तिथूनच येतात. रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, लिहिलेली मराठीही नको. 'तुमचा नंबर आला' हे इंग्रजी आवाजाच्या तोंडून ऐकलेलं गिऱ्हाईक हसतं, पण उठत नाही.

एक्सेलवर काम करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. मॅक्रोतून, म्हणजे एक्सेलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, वाक्य बोलवून घेणं अवघड नाही, दोन-तीन ओळींत बसतं, आणि घरोघरी एखादा भाचा ते करून पाहतोच. पण मॅक्रोच्या खिडकीत देवनागरी टिकत नाही, सगळी प्रश्नचिन्हं होतात. म्हणून आम्ही वाक्यं शीटच्या रकान्यात ठेवतो आणि मॅक्रो तिथून उचलतो. तो रकाना लपवलेला असतो. रिकामा वाटला म्हणून पुसू नका.

आता आकड्यांविषयी, कारण त्यावरून आमच्या बिलाची कुरकुर होते. विंडोजमध्ये उतरवून घेता येणारे कल्पना आणि हेमंत हे आवाज हिंदीचे. देवनागरी वाचतात, पण २५ दिसले की 'पच्चीस' म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज ऐकायला फार चांगले, पण आपल्या साध्या प्रोग्रॅममध्ये ते वापरायचे तर इंटरनेट हवं, आणि आपल्या पावसात लाइन कधी जाईल ते कोणी सांगावं! म्हणून टोकनचे आकडे आम्ही माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून देतो. मराठीत वीस आणि पाच जोडून पंचवीस होत नाही, शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा बोलावा लागतो. पैसे त्या मेहनतीचे आहेत. एकदा रेकॉर्ड झालं की नेट असो-नसो, टोकन पुकारलं जातं.

नावांचंही तसंच. 'डिसोझा' मधला झ हिंदी आवाज 'झंडा'तल्यासारखा म्हणतो. त्यासाठी आम्ही यादीत उच्चाराचा वेगळा रकाना ठेवतो. तिथे झ ऐवजी ज लिहून खाली नुक्ता (टिंब) दिला की काम होतं. पावतीवर मात्र नाव जसंच्या तसं छापलं जातं. हाच रकाना वापरून 'रु.' चं 'रुपये' आणि 'डॉ.' चं 'डॉक्टर' करून घ्या.

कोंकणीतून बोलेल का, असं बरेच जण विचारतात. ईस्पीक एनजी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोंकणी आहे, पण आवाज यंत्राचा वाटतो. आधी ऐकून बघा, मग ठरवू. ठरलेली दहा-पंधरा वाक्यंच हवी असतील तर तीही आम्ही रेकॉर्ड करून देतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तर रेकॉर्ड केलेलाच आवाज नीट कळतो, आणि सोबत वेगळा स्पीकर लागतो. संगणकाच्या आतला पुरत नाही.

फोन करण्यापूर्वी अडलेलं वाक्य व्हॉट्सॲपवर आमच्याकडे पाठवा. फाँटची भानगड असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून परत पाठवतो, त्याचे पैसे नाहीत. यावं लागलं तर भेटीचे लागतील. चतुर्थीचे पाच दिवस आम्ही गावाला असतो, त्यामुळे नवी वाक्यं त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत द्या.