नॉक्स मार्ग

नॉक्स मार्ग : (नॉक्स ट्रेल). अमेरिकेच्या न्यूयॉर्क व मॅसॅचूसेट्स राज्यांतून जाणारा, रस्त्याकडेच्या स्मृतिफलकांनी आखलेला ऐतिहासिक मार्ग. लांबी सु. ४८० किमी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७७५–७६ च्या हिवाळ्यात, हेन्री नॉक्स याने न्यूयॉर्कमधील टिकाँडरोगा किल्ल्यातील तोफा बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनकडे नेल्या, ती वाट हे फलक दाखवितात.

किल्ला १० मे १७७५ रोजी वसाहतवाल्यांच्या हाती आला होता. बॉस्टनचा पुस्तकविक्रेता नॉक्स (वय २५) तेथे ५ डिसेंबरला पोहोचला. त्याने निवडलेल्या तोफांची संख्या बहुधा ५९ दिली जाते : ४३ तोफा, १४ उखळी तोफा व २ हॉवित्झर (आखूड नळीच्या तोफा), वजन सु. ५४ टन. लेक जॉर्ज सरोवरातून त्या होड्यांनी आणल्या, पुढे बर्फावरून स्लेज गाड्यांनी. मार्चच्या प्रारंभी बॉस्टनलगतच्या डॉर्चेस्टर टेकड्यांवर तोफा चढल्या आणि १७ मार्च १७७६ रोजी ब्रिटिशांनी बॉस्टन सोडले.

स्वातंत्र्ययुद्धाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त दोन्ही राज्यांनी १९२६–२७ मध्ये ५६ ठिकाणी फलक बसविले. न्यूयॉर्कमध्ये ३०, मॅसॅचूसेट्समध्ये २६. दगडात बसविलेला काशाचा पत्रा, असे त्यांचे रूप आहे. न्यूयॉर्कचे याच काळातले निळे-पिवळे लोखंडी फलक निराळ्या योजनेतले, त्यांची गल्लत करू नये. फलकावर नॉक्सला ‘जनरल’ म्हटले आहे. प्रवासाच्या वेळी तो फार तर कर्नल होता. ब्रिगेडियर जनरल तो १७७६ च्या डिसेंबरात झाला.

तोफा कोणी ओढल्या, याविषयी मतभेद आहे. लोकप्रिय चित्रांत बैलच दिसतात. त्यांचा आधार नॉक्सचे १७ डिसेंबरचे वॉशिंग्टनला लिहिलेले पत्र : ४२ मजबूत स्लेज करवून घेतल्या असून मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्डपर्यंत बैलांच्या ८० जोड्या ठरविल्या आहेत, असे तो कळवितो. मात्र पत्रातली ही तजवीज पुढे मोडली. बैलांच्या भाड्यावरून न्यूयॉर्कमधील अमेरिकन सैन्याचा सेनापती जनरल स्कायलर आणि बैल पुरविणारा यांचे जमले नाही, आणि नॉक्सच्या रोजनिशीत वर्षअखेरीस घोड्यांच्या सु. १२४ जोड्या स्लेजसह मिळत असल्याची नोंद येते. म्हणून निदान न्यूयॉर्कच्या हद्दीत मुख्य काम घोड्यांनी केले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बैल अजिबात नव्हते असे मात्र नव्हे. मॅसॅचूसेट्समधील ब्लँडफर्डला गाडीवाले डोंगर उतरायला तयार होईनात, पुढे पाच-सहा मैलांनंतर बर्फच नाही असे ते सांगू लागले; तेव्हा तीनेक तास खटपट करून आणि बैलांचे दोन ताफे भाड्याने घेऊन नॉक्सने त्यांना राजी केले. प्रवासाच्या आधी लिहिलेल्या पत्रापेक्षा वाटेत दिवसागणिक लिहिलेली रोजनिशी अधिक भरवशाची, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. फलकांच्या अभ्यासकांनीही हीच कसोटी लावावी.

वाटेविषयीची अडचण याच जातीची आहे. ऑल्बनीपर्यंतचा मार्ग बऱ्यापैकी निश्चित असून हडसन नदी ओलांडताना बर्फ फुटून बुडालेली तोफ पुन्हा वर काढल्याचा उल्लेख आढळतो. ऑल्बनी ते मॅसॅचूसेट्सची सीमा या टप्प्यात १९२६ ची आखणी पुढील संशोधनात चुकीची ठरली, आणि १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील काही फलक हलवावे लागले. काशाचा जड पत्रा उपटून दुसऱ्या गावी नेणे सोपे नव्हे. ही दुरुस्ती केली गेली याचे श्रेय मोठे आहे.

ब्लँडफर्डनंतर रोजनिशी जवळजवळ थांबते. पुढच्या भागासाठी, त्या वेळी वडिलांबरोबर गाडीवर असलेल्या जॉन बेकर या मुलाच्या १८३३ मध्ये छापलेल्या आठवणी वापरतात. त्या उतारवयात सांगितलेल्या असल्याने तारखांसाठी जपून घ्याव्यात. २५ जानेवारी १७७६ रोजी फ्रेमिंगहॅम येथे जॉन ॲडम्स (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष) याने हा तोफखाना पाहिला, एवढे निश्चित.