अल्पाका : लोकरीखालचा उंट

अल्पाका हा दक्षिण अमेरिकेतला, लोकरीसाठी पाळला जाणारा प्राणी. त्याची मादी गाभण आहे की नाही, हे ओळखायची पाळणाऱ्यांची पहिली चाचणी सोपी आहे. तिच्यासमोर नर आणून उभा करायचा. ती शांतपणे पाय दुमडून खाली बसली, तर गाभण नाही. कान मागे पाडून, मान उंचावून ती त्याच्या तोंडावर थुंकली, लाथ झाडून पळाली, तर बहुधा आहे. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंगात वाढलं की तिला नर जवळपासही नको असतो. ही थुंकी साधी लाळ नसते. चिडल्यावर पोटातला हिरवट, आंबूस रवंथ बाहेर येतो, आणि त्याचा वास कपड्यांतून लवकर जात नाही. पक्की खात्री मात्र सोनोग्राफीनेच होते.

फोटोत गोंडस दिसणाऱ्या या प्राण्याचं शरीर आतून पुरतं उंटाच्या कुळातलं आहे. पोटाचे कप्पे गायीसारखे चार नाहीत, तीन. पायाला खूर नाहीत, तर दोन बोटं, त्यांवर नखं आणि खाली मऊ गादी. त्यामुळे कुरण तुडवलं जाऊन उखणत नाही. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने गवत उपटलं न जाता खुडलं जातं. शिवाय अख्खा कळप ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. साफसफाई सोपी होते, आणि चरायच्या गवतात जंतांचा फैलावही कमी राहतो.

अल्पाकाचे दोन रानटी नातलग आहेत, ग्वानाको आणि विकुन्या. त्यांतला ग्वानाको त्याचा पूर्वज असावा, असं बराच काळ मानलं जाई. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने तो मान विकुन्याकडे गेला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या पठारांवर माणसाने विकुन्याला सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं. आजही जगातले सर्वाधिक अल्पाका पेरूमध्ये आहेत, साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर. तिथल्या विरळ हवेत त्याचं रक्त कामी येतं. तांबड्या पेशी लहान आणि लंबगोल असतात, आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं.

पण सगळ्यात नवलाचं आहे ते प्रजनन. गायीसारखं अल्पाकाच्या मादीचं बीज ठरल्या दिवशी सुटत नाही. समागमानंतर साधारण सव्वा दिवसाने सुटतं. हा निव्वळ शारीरिक स्पर्शाचा परिणाम, असा पूर्वी समज होता. मग नराच्या वीर्यातच बीज सोडायला लावणारं प्रथिन सापडलं, आणि 2012 मध्ये त्याची ओळख पटली : नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. चेतापेशींच्या वाढीसाठी लागणारं, ज्याच्या शोधाला 1986 चं नोबेल मिळालं, तेच. मेंदूच्या अभ्यासकांचं हे प्रथिन इथे वेगळ्याच नोकरीत निघालं!

गर्भकाळ साधारण साडेअकरा महिन्यांचा, आणि पिल्लू जवळजवळ नेहमी एकच. मादी बहुतेक वेळा सकाळी किंवा दुपारच्या सुमारास विते. ती पिल्लाला चाटून कोरडं करत नाही, नुसती हुंगते आणि हलक्या आवाजात गुणगुणते. ओलं पिल्लू ऊन-वाऱ्याने सुकतं. डोंगरावरच्या गोठवणाऱ्या रात्रीआधी ते सुकून उभं राहायला हवं. म्हणून मादी संध्याकाळी उशिरा किंवा रात्री कळा देऊ लागली, तर जाणता पाळणारा पशुवैद्याला फोन लावतो.

लोकरीबद्दल थोडक्यात : अल्पाकाच्या दोन जाती. 'हुआकाया' जातीची लोकर फुगीर, 'सुरी' जातीची लांब लोंबत्या बटांची. मेंढीच्या लोकरीपेक्षा तिच्यात मेण फारच कमी, म्हणून ती धुवायला सोपी. कातरणी वर्षातून एकदा, उन्हाळा तापण्याआधी, आणि ती चुकवून चालत नाही, कारण दमट उकाडा या प्राण्याला जिवावर बेततो. उलट थंड प्रदेशातल्या मंद उन्हाच्या हिवाळ्यात दाट लोकरीखालच्या कातडीपर्यंत सूर्यप्रकाश पोचत नाही. पिल्लांना 'ड' जीवनसत्त्व कमी पडून मुडदूस होऊ शकतो, म्हणून ते वेगळं द्यावं लागतं. आजारही हा प्राणी शेवटपर्यंत लपवतो. शिकारी प्राण्यांपुढे अशक्त दिसणं परवडणारं नसतं ना! त्यामुळे दाट लोकरीत हात घालून पाठीचा कणा चाचपणं, नियमित वजन करणं, याला पर्याय नाही.

एकटा अल्पाका तर पाळूच नये. कळपाविना तो झुरतो. माझ्या मते खरी चूक होते ती पिल्लांच्या बाबतीत. आई नसलेल्या नर पिल्लाला घरात आणून, बाटलीने दूध पाजून, कुरवाळून वाढवलं, तर ते माणसालाच आपल्या जातीचं समजू लागतं. वयात आल्यावर मग तो माणसाशी प्रतिस्पर्धी नरासारखा वागतो : छातीने ढकलतो, चावतो, पाय पकडून खाली पाडायला बघतो. ही सवय मोडणं फार अवघड. म्हणून बाटली द्यावी लागलीच, तरी पिल्लू कळपातच ठेवायचं, आणि दूध पाजून झालं की लाड न करता निघून यायचं.